गोल्फचा फटका बिघडतो कुठे? क्लब हलण्याआधी, हातांच्या जागेत

बल्लारपूर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात कागद कारखाना, बांबू, कोळशाच्या खाणी आणि बल्लारशाहचं रेल्वे स्टेशन. गोल्फ कुणाला आठवत नाही. तरी या गावाच्या नावाचा आणि गोल्फचा एक धागा आहे. २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षं भारतात ‘अवंथा मास्टर्स’ नावाची स्पर्धा झाली. युरोपियन टूरवरची, म्हणजे बऱ्याच वरच्या दर्जाची. बल्लारपूर इंडस्ट्रीज, म्हणजे आपली ‘बिल्ट’, ज्या अवंथा समूहाची कंपनी होती, त्याच समूहाने या स्पर्धेला आपलं नाव दिलं होतं. स्पर्धा मात्र खेळली गेली दिल्लीच्या आसपास, गुडगाव आणि ग्रेटर नोएडाच्या मैदानांवर.

२०११ साली ती जिंकली कोलकात्याच्या एसएसपी चौरसियाने. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची देखभाल करायचे. हा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेर जगात इतका जुना गोल्फ क्लब दुसरा नाही. मुलगा तिथे लोकांना खेळताना बघत बघत शिकला, कॅडी झाला, मग व्यावसायिक खेळाडू झाला. लांब फटक्यांसाठी तो कधीच ओळखला गेला नाही. हिरवळीजवळच्या नाजूक फटक्यांत त्याचे हात इतके पक्के, की सोबतचे त्याला ‘चिपुट्सिया’ म्हणायचे; चिप आणि पट या दोन फटक्यांवरून पडलेलं नाव.

बघून शिकणं आजही चालूच आहे, फक्त मैदानाऐवजी मोबाइलवर. त्यात एक अडचण आहे. आपली नजर हालचालीकडे जाते. क्लब मागे गेला, खाली आला, चेंडू उडाला, हे सगळं आपण बघतो. त्याआधी खेळाडू दोन-चार सेकंद चेंडूजवळ नुसता उभा असतो, तो भाग आपण पुढे ढकलतो. खरं तर फटक्याचा बराचसा निकाल त्या उभं राहण्यात लागलेला असतो. त्यातही हात कुठे आहेत यावर.

या लेखात सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं. ‘पुढे’ म्हणजे चेंडू जिकडे मारायचा त्या दिशेला, ‘मागे’ म्हणजे त्याच्या उलट.

सेटअपला एवढं महत्त्व का?

क्रिकेटमध्ये चेंडू आपल्याकडे येतो, फलंदाज हलतो, सावरतो, शेवटच्या क्षणी मनगट फिरवून चूक निस्तरतो. गोल्फचा चेंडू जागचा हलत नाही. त्यामुळे वाटतं की हे सोपं असणार. पण चेंडू आणि क्लबची भेट होते ती सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्या वेळात काहीही दुरुस्त करता येत नाही. चेंडूचा व्यास अवघा ४२.६७ मिलिमीटर, आणि पट्टीच्या खेळाडूच्या ड्रायव्हरचं डोकं तिथे ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगाने पोहोचतं.

क्लबचा सपाट भाग, ज्याला फेस म्हणतात, तो त्या क्षणी कुठे बघतोय यावर चेंडू कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः ठरतं. हिशोब करून बघा: चेंडू एक अंश वाकडा निघाला, तर २०० मीटरवर तो जवळपास साडेतीन मीटर बाजूला जातो. आणि हा सरळ रेषेतला हिशोब झाला. फेस आणि क्लबचा मार्ग यांचं जमलं नाही तर चेंडू हवेत वळतो, मग साडेतीनचे पंधरा मीटर व्हायला वेळ लागत नाही.

आता फेसला धरून ठेवणारी शरीराची जागा एकच, हात. पाय, कंबर, खांदे हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते क्लबला शिवत नाहीत. म्हणून हातांच्या जागेतली बोटभर चूक पुढे वाढत जाते, आणि मग शरीर ती चूक झाकायला दुसरी चूक करतं. नवशिक्याच्या स्विंगमध्ये जे वेडंवाकडं दिसतं, त्यातलं बरंचसं ही झाकपाकच असते.

हात चेंडूच्या पुढे असावेत की नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ या प्रश्नावर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

चांगल्या खेळाडूचा आयर्नचा फटका संथ गतीत बघितला तर एक गोष्ट ठळक दिसते. क्लब चेंडूला लागतो त्या क्षणी हात चेंडूच्या पुढे गेलेले असतात आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, पुढे झुकलेला असतो. आधी चेंडू, मग जमीन, असा तो घाव असतो. हे पाहून कुणीतरी सांगतं, ‘हात पुढे ठेव.’ शिकणारा काय करतो? उभं राहतानाच हात ढकलून डाव्या मांडीच्या बाहेर नेतो. फोटोत तर तसंच दिसतं ना!

फोटो मात्र फटक्याच्या क्षणाचा असतो. त्या क्षणापर्यंत कंबर लक्ष्याकडे वळलेली असते, वजन डाव्या पायावर गेलेलं असतं, आणि त्या वळण्याच्या ओढीने हात पुढे आलेले असतात. आसूड ओढताना मूठ आधी जाते आणि टोक मागून येतं, तसं. आसूड हातात धरून नुसतं उभं असताना मूठ पुढे काढून ठेवली, तर टोकाला काही जोर येत नाही.

उलट नुकसान होतं, आणि तेही तीन वाटांनी.

पहिली वाट कोनाची. प्रत्येक क्लबच्या फेसला मागे कलता कोन दिलेला असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात. चेंडू हवेत चढतो तो या लॉफ्टमुळे. शाफ्ट जितके अंश पुढे झुकवाल, साधारण तितके अंश लॉफ्ट कमी होतो. समजा तुमच्या सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३२ अंश आहे आणि तुम्ही हात आठ अंश पुढे नेऊन उभे राहिलात. आता हातात सात नंबर असला तरी फेस २४ अंशांचा झाला, म्हणजे जवळजवळ पाच नंबरचा क्लब. तो उचलायला अवघड. डोळ्यांना खाली तो उभा फेस दिसतो आणि मन आपोआप ठरवतं की चेंडू असा उठणार नाही. मग खाली येताना उजवं मनगट सैल सुटतं, पळीने वरण वाढावं तसा क्लब चेंडूखाली घालायचा प्रयत्न होतो. परिणाम असा की जो उभं राहताना हात सगळ्यात पुढे नेतो, त्याचेच हात प्रत्यक्ष फटक्याच्या वेळी चेंडूच्या मागे राहिलेले सापडतात. कधी क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत बसतो, कधी चेंडूच्या वरच्या भागाला लागून तो जमिनीसरपट पळतो.

दुसरी वाट खांद्यांची. उजवा हात दांड्यावर डाव्याच्या खाली असतो. हात पुढे ढकलले की उजवा खांदाही त्यांच्यामागून ओढला जातो आणि दोन्ही खांद्यांची रेष लक्ष्याच्या डावीकडे बघू लागते. पाय सरळ, खांदे वाकडे. आता क्लब बाहेरून आत, चेंडूला कापत येणार. त्यात फेस जरा उघडा राहिला की चेंडू उजवीकडे केळ्यासारखा वळत जातो. याला स्लाइस म्हणतात आणि हौशी गोल्फरांच्या तक्रारींत ही बहुधा सगळ्यात जुनी असावी. गंमत म्हणजे हा माणूस आठ-पंधरा दिवस आपल्या खाली येणाऱ्या क्लबचा मार्ग सुधारत बसतो. चूक तर क्लब हलायच्या आधीच झालेली असते.

तिसरी वाट क्लबच्या तळाची. वेजसारख्या क्लबचा तळ मुद्दाम फुगीर ठेवलेला असतो, म्हणजे तो वाळूत किंवा गवतात रुतण्याऐवजी सरकतो. या फुगीरपणाला बाऊन्स म्हणतात. सँड वेजवर तो दहा अंशांच्या वर असतो. हात पुढे दाबले की हा बाऊन्स खर्ची पडतो आणि धारदार कड खाली येते. जमीन ओली असेल तर क्लब कुदळीसारखा रुततो. विदर्भातल्या मे महिन्यातल्या जमिनीसारखी कडक असेल, तर झटका थेट मनगटात.

मग हात नेमके कुठे? आयर्नसाठी सोपी खूण अशी: समोरून बघणाऱ्याला हात डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर दिसावेत. चेंडू पावलांच्या साधारण मध्ये असेल तर हात आपोआपच चेंडूच्या किंचित पुढे येतात आणि शाफ्ट थोडासा झुकतो. तेवढं पुरे. झुकवायचा म्हणून झुकवायचा नाही.

टीव्हीवर काही खेळाडू फटका सुरू करण्याच्या अगदी आधी हात किंचित पुढे दाबताना दिसतात. त्याला फॉरवर्ड प्रेस म्हणतात. ती गाडी सुरू करताना क्लच सोडण्यासारखी हालचाल आहे. अंगातला ताठरपणा मोडायचा आणि त्याच लयीत क्लब मागे न्यायचा. तिथे मुक्काम करायचा नसतो.

ड्रायव्हर आला की चित्र बदलतं

ड्रायव्हरचा चेंडू टीवर, म्हणजे जमिनीच्या वर ठेवलेला असतो. तिथे घाव खाली नको. क्लब आपल्या कक्षेच्या तळाशी येऊन वर चढू लागला असताना चेंडू भेटायला हवा. म्हणून चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला घेतात. हात जिथे होते तिथेच, डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर. चेंडू पुढे गेल्यामुळे आता हात चेंडूच्या बरोबरीने किंवा किंचित मागे दिसतात आणि शाफ्ट जवळजवळ सरळ उभा दिसतो.

हे एकदा लक्षात आलं की अर्धा गोंधळ मिटतो. क्लबप्रमाणे हात इकडून तिकडे न्यायचे नसतात. हात बहुतेक तिथेच राहतात, सरकतो तो चेंडू. हौशी खेळाडू नेमका उलटा वागतो: चेंडू प्रत्येक वेळी एकाच जागी आणि हात आज इथे, उद्या तिथे.

किती खाली, किती लांब

गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तो आठवा. कमरेतून पुढे वाकलात, पाठ सरळ ठेवलीत आणि हात सैल सोडलेत, तर ते ओळंब्यासारखे खांद्यांच्या खाली लोंबतात. जिथे लोंबले, साधारण तिथेच त्यांनी क्लब धरायचा. लहान क्लबसाठी दांड्याचं टोक आणि मांडी यांच्यात पालथी मूठ मावेल इतकी जागा राहते, लांब क्लबसाठी वीतभराच्या जवळ जाते. हात यापेक्षा लांब ताणले की तोल पायाच्या बोटांवर जातो आणि खाली येताना शरीर मागे पडून स्वतःला सावरतं. फार जवळ घेतले तर हातांना जायला वाटच नसते. मग कोपर बाहेर येतं किंवा कंबर चेंडूकडे ढकलली जाते.

उंचीचा मुद्दा याहून बारीक आहे. हात फार खाली दाबले तर क्लबचं बाहेरचं टोक हवेत उचलतं. फेसला लॉफ्ट असल्यामुळे टोक उचललेला क्लब लक्ष्याच्या डावीकडे बघतो, तुम्ही कितीही सरळ उभे असा. हात फार वर घेतले तर उलट, टाचेकडचा भाग उचलतो आणि फेस उजवीकडे जातो. त्यात आणखी एक गोष्ट असते: वेगाने खाली येताना क्लबच्या डोक्याचं वजन बाहेर ओढतं, शाफ्ट किंचित वाकतो, आणि फटक्याच्या क्षणी हात उभं राहतानाच्या जागेपेक्षा थोडे वर आलेले असतात. त्यामुळे उभं असताना क्लबचं टोक जमिनीपासून नाण्याच्या जाडीइतकं वर दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

नियम म्हणून हे सांगितलं खरं, पण नियम मोडून जिंकलेले लोकही आहेत. कॅनडाचा मो नॉर्मन हात खूप उंच आणि लांब धरून, हात आणि शाफ्ट एका सरळ रेषेत ठेवून उभा राहायचा. त्याच्या सरळ फटक्यांच्या कथा आजही सांगितल्या जातात. २०२० आणि २०२४ ची यूएस ओपन जिंकणारा अमेरिकेचा ब्रायसन डीशँबोही हात तसेच उंच ठेवतो. मात्र त्याने त्यासाठी क्लब वेगळे करून घेतले, सगळे आयर्न एकाच लांबीचे, आणि पूर्ण स्विंग त्या एका जागेभोवती बांधला. त्याची फक्त उभं राहण्याची ढब उचलून बाकी आपलं तसंच ठेवलं, तर हाती काही लागत नाही.

मुठीचं वळण

हातांची जागा म्हणजे फक्त हात कुठे आहेत एवढंच नाही, दांड्याभोवती ते किती फिरवून धरलेत हेही त्यात येतं. गोल्फमध्ये मूठ ‘स्ट्राँग’ किंवा ‘वीक’ असते असं म्हणतात आणि नवा माणूस हमखास समजतो की हा जोराचा मामला आहे. जोराशी याचा संबंध नाही. दोन्ही हात दांड्यावर उजवीकडे फिरवून धरले तर स्ट्राँग, डावीकडे फिरवून धरले तर वीक. ओळखायची खूण: वरून बघताना डाव्या हाताची दोन ते अडीच बोटांची मुळं दिसली तर मूठ मधली, तीन-चार दिसली तर स्ट्राँग, एकच दिसलं तर वीक.

याचा परिणाम का होतो? वेगात खाली येताना हातांवर मोठी ओढ असते आणि त्या ओढीत हात आपल्या नैसर्गिक वळणाला परत येतात, डाव्या हाताची पाठ साधारण लक्ष्याकडे. उभं राहताना तुम्ही मूठ उजवीकडे फिरवून धरली असेल, तर ती परतताना फेसलाही सोबत डावीकडे फिरवून आणते. फेस बंद होतो आणि चेंडू डावीकडे वळतो. मूठ वीक असेल तर फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो. म्हणून स्लाइसने हैराण झालेल्याला प्रशिक्षक बरेचदा स्विंगला हात न लावता फक्त मूठ जरा उजवीकडे फिरवायला सांगतो. बेन होगनचं दुखणं उलटं होतं, चेंडू डावीकडे जोरात वळायचा. त्याने मूठ वीक करून तो आवरला. १९५७ च्या त्याच्या पुस्तकात पहिला धडा मुठीचाच आहे.

आपल्याकडचे बहुतेक लोक गोल्फकडे येतात ते क्रिकेटमधून. उजव्या फलंदाजाचा डावा हात वर, उजवा खाली, गोल्फमध्येही तेच. इथपर्यंत ठीक. पण बॅट तळहातात दाबून धरायची सवय असते, आणि षटकार मारताना खालचा हात राज्य करतो. गोल्फचा क्लब डाव्या हाताच्या बोटांत धरायचा, करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका. तळहातात धरला की मनगट वाकत नाही, आणि मनगट वाकलं नाही की वेग येत नाही. उजव्या हाताने वरून डावा अंगठा झाकायचा. दोन हात एकजीव राहावेत म्हणून उजवी करंगळी डाव्या हातावर टेकवतात. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेल्या हॅरी व्हार्डनमुळे ही पद्धत त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स करंगळी आणि तर्जनी एकमेकांत गुंफतात. लहान मुलांनी दहाही बोटं दांड्यावर ठेवली तरी काही बिघडत नाही.

उलट्या हातांचा विजेता

वरचं सगळं वाचून कुणाला वाटेल की एकच बरोबर पद्धत आहे आणि बाकी चूक. त्याला उत्तर म्हणून एक माणूस पुरेसा आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा सेवशंकर सेवगोलम, ज्याला सगळे ‘पापवा’ म्हणायचे.

पापवा कॅडी होता. शिकवायला कुणी नाही, खेळायला गोऱ्यांची मैदानं बंद. तो स्वतःच शिकला आणि हात उलटे धरून शिकला. खेळायचा उजव्यासारखा, पण उजवा हात वर आणि डावा खाली. कुठल्याही प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी मोडून काढली असती अशी ही पकड. ती घेऊन तो युरोपात गेला आणि १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकला. १९६३ मध्ये डर्बनमध्ये त्याने नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबहाउसमध्ये जाता आलं नाही. बक्षीस त्याला बाहेर पावसात देण्यात आलं. गोरे खेळाडू आत होते. १९६५ मध्ये त्याने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, आणि या वेळी मागे टाकलेल्यांत गॅरी प्लेअर होता. पुढे त्याच्या देशाच्या सरकारने त्याला स्पर्धांच्या बाहेरच ठेवलं.

उलट्या हातांनी हे जमलं कसं? डावा हात खाली गेला की उभं राहताना खांदे जवळजवळ समांतर राहतात आणि डावं मनगट फटक्याच्या वेळी सहजी मोडत नाही. पळीने वाढण्याची जी चूक वर सांगितली, ती या पकडीत करणं कठीण जातं. किंमत मोजावी लागते ती वेगाची, कारण मनगटांना मोकळं सुटायला वाव कमी मिळतो. म्हणूनच आज पूर्ण फटक्यात ही पकड क्वचित दिसते, पण पटिंगमध्ये सर्रास दिसते. जॉर्डन स्पीथसारखा मेजर विजेता डावा हात खाली ठेवूनच पट करतो. पापवाची पकड आदर्श होती असं नाही म्हणता येणार. पण ती दर वेळी एकाच जागी असायची, आणि त्याचा बाकी स्विंग तिच्याशी जुळलेला होता.

पटिंगचा विषय निघालाच आहे तर एवढंच: पटरलाही तीन-चार अंश लॉफ्ट असतो. हात पुढे दाबून तो संपवला की चेंडू घरंगळण्याऐवजी सुरुवातीला टप्पे खातो. आणि पटरचं टोक छातीला किंवा पोटाला टेकवून पट मारण्यावर १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे.

मनगट दुखत असेल तर

चुकीच्या जागी धरलेले हात गुणपत्रिकेपुरते राहत नाहीत. दांड्याचं टोक डाव्या तळहाताच्या आत, करंगळीखालच्या उंचवट्यावर दाबून धरलं आणि क्लब जोरात जमिनीवर आदळला, तर तिथल्या हॅमेट नावाच्या छोट्या हाडाचा आकडीसारखा भाग मोडू शकतो. गोल्फरांमध्ये ही दुखापत ओळखीची आहे. तिचा त्रास असा, की साध्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसत नाही आणि माणूस ‘मुरगळलं असेल’ म्हणून महिनोन्महिने तेल चोळत बसतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल, मूठ आवळताना कळ येत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना गोल्फ खेळता हे आवर्जून सांगा. गरज वाटली तर ते सीटी स्कॅन करून घेतील. आणि क्लब धरताना दांड्याचं टोक तळहाताच्या बाहेर थोडं डोकावू द्या.

पकड किती घट्ट हवी, याचंही उत्तर इथेच आहे. सायकल चालवताना सपाट रस्त्यावर हँडल जितकं धरता तितकी. खड्डा आल्यावर धरता तितकी नाही.

क्लब नसताना बघायचं कसं?

हे सगळं तपासायला गोल्फ मैदान लागत नाही. महाराष्ट्रातली नावाजलेली मैदानं मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याला आहेत. पुण्याचा उदयन माने तिथून टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. पण बल्लारपुरात किंवा आणखी कुठे असाल तर मीटरभर लांबीची बांबूची काठी आणि घराचं अंगण पुरतं.

काठी न घेता आधी आरशासमोर उभे राहा. कमरेतून वाका, हात लोंबू द्या, तळवे एकमेकांसमोर आणा. आता काठी त्याच जागी आणून हातांत द्या, हात काठीकडे नेऊ नका. हा फरक छोटा वाटतो, पण बहुतेकांची गडबड इथेच होते: क्लब आधी चेंडूमागे टेकवला जातो आणि मग शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. आरशात बघा, हात डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर आहेत का, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली आहे का, छाती आरशाकडे सरळ आहे का. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून समोरून एक आणि उजव्या बाजूने एक फोटो काढला तर आरशापेक्षा स्पष्ट कळतं. आपण उभे असतो तसे आपल्याला वाटत नसतो.

क्लब मिळाला की कबड्डीच्या मैदानावर आखतात तशी फक्कीची रेघ गवतावर ओढा. रेघ पावलांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता आयर्नने अर्धा स्विंग करा. दहा वेळा. क्लबने गवत कुठे घासलं ते बघा. रेघेवर किंवा रेघेच्या बोटभर पुढे खुणा पडत असतील तर हात ठीक जागी आहेत. रेघेच्या मागे पडत असतील तर पहिला मोह होईल तो हात आणखी पुढे ढकलण्याचा. त्याआधी एकदा बघा, स्विंग संपल्यावर वजन डाव्या पायावर आलंय की उजव्यावरच राहिलंय. खुणा एकदा पुढे, एकदा मागे अशा विखुरलेल्या असतील, तर स्विंगकडे जाऊच नका. दर वेळी काठी खाली ठेवायची, पुन्हा हात लोंबू द्यायचे, आणि हात त्याच जागी येतात का एवढंच बघायचं.